एसएसडी बसवूनही संगणक मधेच थांबतो : जुनी हार्ड डिस्क ठेवावी की काढावी?

संगणकात नवी एसएसडी (फिरत्या चकत्यांऐवजी चिपवर माहिती साठवणारी वेगवान ड्राइव्ह) बसवली, विंडोज तिच्यावर घेतले, काही आठवडे सारे झपाट्याने चालले आणि मग पूर्वीचाच त्रास पुन्हा सुरू झाला, अशी तक्रार नाशिकमधील लहान कार्यालये, दुकाने आणि फोटो स्टुडिओ यांच्याकडून वारंवार ऐकू येते. संगणक बंद पडत नाही, निळा पडदाही येत नाही. तो फक्त मधेच थांबतो. फाइल सेव्ह करताना, ‘धिस पीसी’ उघडताना किंवा ईमेलला एखादे बिल जोडताना माउसजवळचे वर्तुळ फिरू लागते, वरच्या पट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी अक्षरे उमटतात आणि दहा-पंधरा सेकंदांनी काहीच झाले नाही अशा रीतीने काम पुढे सरकते. यावर सहसा जे उपाय केले जातात, म्हणजे विंडोज पुन्हा टाकणे, अँटिव्हायरस बदलणे, रॅम वाढवणे, त्यांनी थोडे दिवस बरे वाटते आणि त्रास परत येतो, कारण दोष ज्या भागात आहे त्याला कोणी हातच लावलेला नसतो.

अशा संगणकाचे झाकण उघडले की आत बहुतेक वेळा एसएसडीच्या जोडीला जुनी हार्ड डिस्क सापडते. ‘डेटासाठी राहू द्या’ असे सांगून ती जोडून ठेवलेली असते, तिच्यावर डी आणि ई ड्राइव्ह असतात आणि ती केवळ फाइली ठेवण्यापुरती आहे अशी मालकाची समजूत असते. प्रत्यक्षात संगणकाची बरीच रोजची कामे अजूनही तिच्यावर अवलंबून असतात आणि ते कोणाच्या लक्षात आलेले नसते.

आजच्या संगणकाला हार्ड डिस्कची गरज उरली आहे का, या प्रश्नाला म्हणूनच एका शब्दात उत्तर देणे मला योग्य वाटत नाही. विंडोज चालवण्यासाठी ती गरज संपलेली आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मोठा साठा सांभाळण्यासाठी आणि जुन्या नोंदी जपण्यासाठी ती अनेकांना अजून आहे. परंतु ठेवायची असो वा काढायची, त्याआधी तिच्यावर नेमके काय काय टेकलेले आहे हे शोधून काढणे हेच या दुखण्याचे खरे निवारण आहे. ते न शोधता डिस्क काढली तर संगणक सुरूच होत नाही, आणि न शोधता ठेवली तर तो थांबत राहतो.

थांबण्याचे मूळ

हार्ड डिस्कच्या आत चकत्या फिरतात आणि त्यांच्यावरून एक बारीक हात सरकत माहिती वाचतो. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या पहिल्या डिस्क यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या डिस्कची क्षमता त्याच्या लाखो पट झाली असली तरी फिरती चकती आणि सरकता हात ही रचना बदललेली नाही. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यासाठी ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा हाताखाली येण्यासाठी सरासरी ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते, आणि हात योग्य ठिकाणी सरकण्याचा वेळ त्यात मिळवला की विखुरलेल्या प्रत्येक वाचनाला साधारण बारा-तेरा मिलिसेकंद जातात. परिणामी अशी वाचने सेकंदाला शंभराच्या आतच राहतात. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्यामुळे तेच वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून कमी वेळात होते आणि सेकंदाला हजारो, कित्येकदा लाखो वाचने होतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर चांगली हार्ड डिस्क सेकंदाला १५० ते २०० एमबी सहज देते, साटा या जुन्या जोडणीची एसएसडी ५५० एमबीच्या आसपास आणि पीसीआयई या अधिक वेगवान जोडणीच्या तिसऱ्या पिढीवरील एनव्हीएमई एसएसडी साडेतीन हजार एमबीपर्यंत देते. हे आकडे पाहून फरक फक्त काही पटींचा आहे असे वाटते. पण विंडोज सलग वाचत नाही. ते एकाच वेळी असंख्य लहान फाइली इकडून तिकडून वाचत आणि लिहीत असते, आणि त्या कामात हार्ड डिस्क शेकडो पटींनी मागे पडते. विंडोज १० आणि ११ हार्ड डिस्कवर चालवून पाहिलेल्या कोणालाही टास्क मॅनेजरमधील डिस्कचा ‘१०० टक्के’ हा आकडा परिचित असतो.

विंडोज आता एसएसडीवर आहे, मग दुसऱ्या डिस्कच्या संथपणाने पूर्ण संगणक का थांबावा, असा प्रश्न येथे रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की कोणताही प्रोग्राम एखादी फाइल किंवा फोल्डर मागतो तेव्हा उत्तर येईपर्यंत तो बहुधा थांबून राहतो. सेव्ह करण्यासाठी चौकट उघडली की विंडोज संगणकाला जोडलेल्या सर्व ड्राइव्हची विचारपूस करते. आपल्याला फाइल डेस्कटॉपवर ठेवायची असली तरी डी ड्राइव्हने उत्तर दिल्याशिवाय ती चौकट पुढे हलत नाही. डिस्क निकोप आणि जागी असेल तर हे क्षणार्धात उरकते. ती झोपलेली असेल किंवा तिचा एखादा भाग वाचता येत नसेल, तर वेगवान एसएसडी असूनही सगळ्यांना वाट पाहावी लागते.

आधी निदान, मग हत्यार

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, ‘परफॉर्मन्स’ या भागात जावे आणि डावीकडील यादीत डिस्क ० आणि डिस्क १ अशी जी नावे दिसतात त्यांतली एसएसडी कोणती व हार्ड डिस्क कोणती हे नोंदवून ठेवावे. दोन्हींचा प्रकार तेथेच लिहिलेला असतो. संगणक थांबेल त्या क्षणी हे पान समोर असले पाहिजे. हार्ड डिस्कचा ‘ॲक्टिव्ह टाइम’ १०० टक्क्यांवर चिकटलेला आहे, वाचन-लेखनाचा वेग मात्र शून्याच्या जवळ आहे आणि ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ शेकडो किंवा हजारो मिलिसेकंदांत गेला आहे, असे चित्र दिसले तर दोषी कोण हे कळले. याउलट त्या वेळी हार्ड डिस्क शांत असेल आणि एसएसडी किंवा मेमरी भरून गेलेली असेल, तर पुढील सर्व उपाय आपल्या संगणकासाठी नाहीत. रॅम आणि एसएसडीवरील मोकळी जागा तपासावी.

संगणक कोणत्या वेळी थांबतो, यावरूनही बरेच कळते. जेवणाची सुट्टी संपवून परत आल्यावर पहिलाच क्लिक अडतो आणि नंतर दिवसभर ठीक चालते, असे असेल तर कारण बहुधा निरुपद्रवी आहे. विंडोजच्या नेहमीच्या पॉवर योजनेत वीजजोडणीवर चालणाऱ्या संगणकाची हार्ड डिस्क २० मिनिटे वापरात नसली की तिचे फिरणे थांबवले जाते आणि पुन्हा मागणी आल्यावर चकत्या पूर्ण वेगात येईपर्यंत काही सेकंद जातात. ‘पॉवर ऑप्शन्स’मधील प्रगत मांडणीत ‘टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर’ हा आकडा शून्य केला की डिस्क झोपत नाही. हा बदल करून दोन-तीन दिवस निरीक्षण करावे. एवढ्यानेच त्रास थांबला तर झाकण उघडण्याची आवश्यकता नाही.

थांबण्याला वेळकाळ नसेल, त्या वेळी आतून टक-टक असा आवाज येत असेल, किंवा संगणक सुरू होताना डी ड्राइव्हची तपासणी व दुरुस्ती चालू असल्याचा संदेश वारंवार दिसत असेल, तर प्रकरण गंभीर आहे. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधील ‘सिस्टिम’ नोंदींत जाऊन ७, ११, १२९ आणि १५३ हे क्रमांक शोधावेत. ७ म्हणजे डिस्कवर खराब भाग आढळला, ११ म्हणजे नियंत्रकाच्या पातळीवर त्रुटी आली, १२९ म्हणजे उत्तर न आल्यामुळे ते उपकरण पुन्हा जागेवर आणावे लागले आणि १५३ म्हणजे वाचनाचा किंवा लेखनाचा प्रयत्न पुन्हा करावा लागला. यांतील नोंदींच्या वेळा आणि संगणक थांबल्याच्या वेळा जुळल्या तर अंदाज बांधत बसण्याचे कारण उरत नाही.

यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन चालवावे. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या नोंदी ठेवते त्या हे साधन दाखवते. त्यांतील ०५ ही ओळ बदली दिलेल्या सेक्टरांची (सेक्टर म्हणजे डिस्कवरील माहितीचा लहान कप्पा), सी५ ही वाचता न आल्यामुळे निर्णय प्रलंबित असलेल्या सेक्टरांची आणि सी६ ही दुरुस्त न होणाऱ्या सेक्टरांची आहे. या तिन्हींचा मूळ आकडा (‘रॉ व्हॅल्यू’) शून्य असावा. सी५ शून्याहून अधिक असेल तर आपला संगणक ज्या ठिकाणी थांबतो ते ठिकाण हेच, असे समजण्यास हरकत नाही, कारण वाचता न येणाऱ्या जागेवर डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते आणि तेवढा वेळ इतर सर्वांना उत्तर मिळत नाही. सी७ ही ओळ मात्र वेगळी आहे. ती डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधील वाहतुकीत झालेल्या चुका मोजते. सी७ वाढत आहे आणि बाकीच्या तिन्ही ओळी शून्य आहेत, अशा वेळी चांगली डिस्क उगाच फेकली जाते. खरा दोष साटा केबलमध्ये असतो आणि ती बदलली की आकडा वाढायचा थांबतो. आधी झालेल्या चुकांचा आकडा कमी होत नाही, म्हणून आजचा आकडा लिहून ठेवून आठवड्याने तुलना करावी. हे साधन मूळ आकडे सोळा-आधारी पद्धतीने दाखवते, हेही वाचताना ध्यानात असू द्यावे.

सी५ वाढलेल्या डिस्कच्या बाबतीत एक विनंती अगदी कळकळीने करावीशी वाटते. तिच्यावर आधी कोणतीही दुरुस्ती चालवू नये. डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणे) तर नाहीच, पण सर्व सेक्टर तपासणारी चेकडिस्क ही आज्ञासुद्धा आधी नको, कारण तिच्यामुळे आधीच थकलेल्या डिस्कला तासन्‌तास राबावे लागते आणि जे अजून वाचता येत होते तेही जाऊ शकते. प्रथम सर्वांत महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवाव्यात, मग कमी महत्त्वाच्या, आणि त्यानंतरच तपासणी. कॉपी होताना डिस्क अडून बसत असेल तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसण्याऐवजी लिनक्समधील डीडीरेस्क्यू हे साधन वापरणाऱ्या जाणकाराकडे जावे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते आणि अवघड जागा शेवटी घेते. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली की चालते असे काही जण अजूनही सांगतात. तो प्रयोग कदापि करू नये. आत बाष्प धरले की चकत्यांचा पृष्ठभाग कायमचा बिघडू शकतो.

हार्ड डिस्कवर काय काय टेकलेले आहे

डिस्क निकोप निघाली तरीही हा शोध घ्यावाच लागतो, आणि माझ्या मते सर्वांत कमी लोक जो करतात तो हाच. पहिली तपासणी पेजिंग फाइलची. रॅम अपुरी पडल्यावर विंडोज ज्या फाइलीत तात्पुरती माहिती ठेवते ती फाइल, एसएसडीची झीज होऊ नये म्हणून, अनेक ठिकाणी मुद्दाम डी ड्राइव्हवर नेलेली आढळते. एसएसडी लहान आणि महाग होत्या त्या काळातला हा सल्ला आज हानिकारक आहे. ५०० जीबीच्या अनेक सर्वसाधारण एसएसडींना ३०० टीबी इतक्या लेखनाची हमी असते. कार्यालयातील संगणक दिवसाला ३० जीबी लिहीत असला तरी ती मर्यादा गाठायला सत्तावीस वर्षे लागतील. ‘सिस्टिम प्रॉपर्टीज’मधील प्रगत भागात जाऊन पेजिंग फाइल सी ड्राइव्हवर विंडोजच्या स्वतःच्या निर्णयावर सोडावी आणि डी ड्राइव्हवरील काढून टाकावी.

यानंतर आपले रोजचे प्रोग्राम माहिती कोठे लिहितात ते पाहावे. हिशेबाचे काम टॅलीप्राइमवर होत असेल तर कंपनीच्या डेटाचा मार्ग बहुतेक ठिकाणी डी ड्राइव्हवर असतो, कारण विंडोज पुन्हा टाकताना डेटा वाचावा म्हणून तो तेथे ठेवण्याची पद्धत पडलेली आहे. हिशेबाचा प्रोग्राम लहान लहान नोंदी सतत लिहीत असतो आणि हार्ड डिस्क नेमकी त्याच कामात कच्ची असते. चालू वर्षाचा डेटा एसएसडीवर आणून बंद झालेली वर्षे हार्ड डिस्कवर ठेवली तरी वेगात मोठा फरक पडतो. आउटलुकची डेटा फाइल, ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘डाउनलोड्स’ ही फोल्डरे, गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचे सिंक होणारे फोल्डर, फोटो आणि व्हिडिओ संपादनाच्या प्रोग्रामची तात्पुरती जागा, हे सारे एकेक करून तपासावे. फोल्डर हलवताना ते हाताने कापून चिकटवू नये. त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘लोकेशन’ या पानावरून हलवावे, म्हणजे विंडोजला नवा पत्ता कळतो.

आता सर्वांत फसवे अवलंबन. विंडोज सी ड्राइव्हवर आहे आणि सी ड्राइव्ह एसएसडीवर आहे, म्हणजे संगणक एसएसडीवरून सुरू होतो, असे आपण गृहीत धरतो. ते नेहमी खरे नसते. जुनी हार्ड डिस्क जोडलेली असताना नव्या एसएसडीवर विंडोज टाकले, तर हार्ड डिस्कवर आधीच असलेला बूटचा, म्हणजे संगणक सुरू करून देणारा, विभाग पाहून विंडोज आपल्या प्रारंभीच्या फाइली तेथेच ठेवू शकते आणि एसएसडीवर तसा विभाग तयारच होत नाही. रोजच्या वापरात हे दिसून येत नाही. ज्या दिवशी हार्ड डिस्क काढली जाते किंवा मरते, त्या दिवशी काळ्या पडद्यावर योग्य बूट उपकरण निवडा असा संदेश येतो आणि एसएसडी बिघडली असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. संगणक सुरू व्हायला अकारण वेळ लागणे हेसुद्धा काही वेळा याचेच लक्षण असते, कारण प्रत्येक प्रारंभी त्या जुन्या डिस्कची वाट पाहिली जाते.

हे ओळखणे सोपे आहे. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून खालच्या भागातील प्रत्येक डिस्कच्या पट्ट्या पाहाव्यात. ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ असे लिहिलेला लहान विभाग, किंवा जुन्या पद्धतीच्या संगणकात ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड’ नावाचा विभाग, ज्या डिस्कवर आहे त्या डिस्कवरून संगणक सुरू होतो. दोन्ही डिस्कवर तसे विभाग असतील तर बायोसमधील (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरील प्रोग्राममधील) बूटचा क्रम पाहावा. तेथे ‘विंडोज बूट मॅनेजर’ या नावापुढे डिस्कचे नाव बहुधा लिहिलेले असते. निर्णायक कसोटी याहून साधी आहे. संगणक पूर्ण बंद करावा, वीज तोडावी, हार्ड डिस्कची केबल काढावी आणि सुरू करून पाहावे. सुरू झाला तर एसएसडी स्वतंत्र आहे. नाही झाला तर केबल परत जोडली की सर्व पूर्ववत होते, त्यामुळे या कसोटीत डेटाला धोका नाही. मात्र बिटलॉकर हे डिस्क कुलूपबंद करणारे विंडोजचे साधन चालू असेल तर बूटशी संबंधित काहीही करण्यापूर्वी रिकव्हरी की लिहून ठेवलेली असलीच पाहिजे. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर हे कुलूप आपोआप लागलेले असते आणि मालकाला त्याची कल्पना नसते.

बूटचा विभाग हार्ड डिस्कवर निघाला, तर दोन मार्ग आहेत. पहिल्यात सी ड्राइव्ह सुमारे ३०० एमबीने लहान करून मोकळ्या झालेल्या जागेत डिस्कपार्ट या आज्ञेने नवा ईएफआय विभाग तयार करतात, तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करतात आणि बीसीडीबूट ही विंडोजमधीलच आज्ञा चालवून प्रारंभीच्या फाइली त्यात लिहून घेतात. हे काम दहा मिनिटांचे आहे, पण डिस्कपार्टमध्ये चुकीची डिस्क निवडली गेली तर सर्व डेटा जातो, म्हणून सराव नसलेल्याने ते करू नये, आणि असलेल्यानेही बॅकअपशिवाय करू नये. एसएसडी जुन्या एमबीआर मांडणीची असेल तर मी दुसराच मार्ग सुचवेन : हार्ड डिस्कची केबल काढून ठेवावी, एसएसडीवर विंडोज कोरे टाकावे आणि ते सुरळीत सुरू झाल्यानंतरच हार्ड डिस्क पुन्हा जोडावी. अर्धा दिवस जातो, पण पुढे काही लटकत राहत नाही.

क्लोन करून, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल उतरवून, घेतलेल्या एसएसडीच्या बाबतीत आणखी एक गोंधळ होतो. जुन्या डिस्कवरील विंडोज तसेच राहिलेले असते आणि बायोसचा क्रम बदलला गेला, उदाहरणार्थ मदरबोर्डवरील बटणसेल संपल्यामुळे, की संगणक गुपचूप जुन्या डिस्कवरून सुरू होऊ लागतो. ‘एसएसडी बसवूनही संगणक पुन्हा मंद झाला’ या तक्रारीमागे कधी कधी एवढेच कारण असते. पडद्यावर जुन्या तारखेच्या फाइली दिसू लागल्या तर हीच शंका आधी घ्यावी. नवे विंडोज महिनाभर नीट चालल्यावर जुन्या डिस्कवरील विंडोज काढून टाकणे हाच त्यावरचा पक्का उपाय आहे.

डिस्क दिसेनाशी होते तेव्हा

डिस्क अधूनमधून दिसेनाशी होत असेल तर आधी दोन्ही केबल पाहाव्यात, नंतर एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा. साडेतीन इंची डिस्क चालताना पाच ते आठ वॅट घेते, पण चकत्या फिरू लागतात त्या क्षणी तिला वीसहून अधिक वॅट लागतात आणि म्हातारा एसएमपीएस नेमका तेथे कमी पडतो. नवी एम.२ (थेट मदरबोर्डवर बसणारी) एसएसडी बसवल्याच्या दिवसापासूनच हार्ड डिस्क दिसत नसेल तर बिघाड काहीच नाही, असेही होऊ शकते : अनेक मदरबोर्डवर एम.२ ची जागा वापरली की एखादा साटा पोर्ट आपोआप बंद होतो. मदरबोर्डच्या पुस्तिकेत पोर्टचे क्रमांक दिलेले असतात. केबल शेजारच्या पोर्टला लावली की काम भागते.

जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिच्या जागी कॅडीत (त्याच मापाच्या चौकटीत) हार्ड डिस्क बसवण्याची पद्धत रूढ आहे. टेबलावरून न हलणाऱ्या लॅपटॉपला ती चालते. रोज दुचाकीवरून नाशिकच्या सिडकोतून सातपूर किंवा अंबडला नेल्या जाणाऱ्या लॅपटॉपमध्ये फिरती डिस्क नसावी, असे माझे ठाम मत आहे. अशा लॅपटॉपला एकच मोठी एसएसडी पुरते आणि रिकामी कॅडी कोणाचेही अडवत नाही.

मग ठेवावी कोणी?

दुकानाचे बिलिंग, शाळेचे काम, इंटरनेट आणि पत्रव्यवहार एवढ्यासाठी संगणक वापरणाऱ्याला आत हार्ड डिस्क ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. पाचशे जीबीची किंवा एक टीबीची एसएसडी त्याला पुरते, संगणक शांत चालतो आणि बिघडणारा एक भाग कमी होतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे अनेक जण आता विंडोज ११ कडे वळत आहेत. विंडोज ११ ची किमान अट ६४ जीबी साठ्याची आहे, एसएसडीच हवी असे तीत म्हटलेले नाही. तरीही हार्ड डिस्कवर ते टाकू नये, हे मी प्रत्येकाला सांगतो.

फोटो आणि व्हिडिओचे काम करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. २०१५ च्या सिंहस्थाचे छायाचित्रण ज्यांच्याकडे आहे असे पंचवटी आणि जुन्या नाशकातले स्टुडिओ आता पुढच्या सिंहस्थाची तयारी करत आहेत, आणि या वेळी व्हिडिओ फोर-के आहेत. इतका साठा एसएसडीवर ठेवणे बहुतेकांना परवडणारे नाही. दर टीबीमागे हार्ड डिस्क अजूनही बरीच स्वस्त पडते आणि सलग मोठ्या फाइली लिहिण्यात ती कच्ची नाही. त्यांनी हार्ड डिस्क जरूर ठेवावी, परंतु चालू प्रकल्प एसएसडीवर आणि पूर्ण झालेले प्रकल्प हार्ड डिस्कवर, अशी स्पष्ट विभागणी करावी. डिस्क खरेदी करताना ती सीएमआर पद्धतीची आहे की एसएमआर पद्धतीची हे महात्मा गांधी रस्त्यावरच्या किंवा आपल्या नेहमीच्या दुकानदाराला विचारून, कंपनीच्या माहितीपत्रकावरून खात्री करून घ्यावी. सीएमआर डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या शेजारी शेजारी असतात, एसएमआर डिस्कमध्ये त्या एकमेकींवर अंशतः चढवलेल्या असतात, त्यामुळे तिच्यावर मोठी कॉपी काही वेळ जोरात चालून नंतर एकदम मंदावते आणि निकोप डिस्क बिघडल्यासारखी वाटते. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरला मात्र अहोरात्र लेखनासाठी बनवलेलीच डिस्क हवी. संगणकातून काढलेली जुनी डिस्क तेथे बसवून काटकसर करू नये.

सीए आणि कर सल्लागारांच्या कार्यालयांना जुन्या नोंदी कायद्यानेच जपाव्या लागतात. जीएसटी कायद्याप्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने आणि कंपनी कायद्याप्रमाणे आठ आर्थिक वर्षे हिशेबाची पुस्तके ठेवावी लागतात. अशा नोंदींसाठी संगणकाबाहेरची हार्ड डिस्क हे आजही उत्तम साधन आहे, आणि त्याचे कारण केवळ किंमत नाही. एसएसडीतील माहिती विद्युतभाराच्या रूपात साठते आणि वीज नसताना तो भार हळूहळू ओसरतो. चिपची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकाप्रमाणे सर्वसाधारण एसएसडीने आपले लेखनाचे आयुष्य संपल्यावर ३० अंश तापमानात, विजेविना एक वर्ष माहिती टिकवली पाहिजे; तापमान वाढले की हा काळ घटतो. नवी एसएसडी यापेक्षा कितीतरी अधिक काळ टिकेल, पण नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात बंद कार्यालयातील कपाटात झिजलेली एसएसडी वर्षानुवर्षे ठेवून देणे शहाणपणाचे नाही. एसएसडी बिघडते तेव्हा सहसा आवाज न करता, एकाएकी बिघडते, आणि तिच्यावरून पुसलेली फाइल, पुसलेली जागा रिकामी करून टाकणाऱ्या ट्रिम या यंत्रणेमुळे, परत मिळण्याची आशा जवळजवळ नसते. हार्ड डिस्क पुष्कळदा आधी कुरकुरते आणि डेटा उतरवून घ्यायला सवड देते. अर्थात एकाच डिस्कवर असलेला डेटा म्हणजे बॅकअप नव्हे, मग ती डिस्क कोणतीही असो. एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी कार्यालयाबाहेर, घरी किंवा क्लाउडवर असावी; गोदाकाठच्या तळमजल्यावरील दुकानांना पुराच्या दिवसांत या तिसऱ्या प्रतीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. बाहेरची डिस्क वर्षातून दोनदा जोडून काही फाइली उघडून पाहाव्यात, आणि कॉपी चालू असताना संगणक यूपीएसवर असावा.

काढलेली डिस्क लगेच पुसू नये. पूर्ण एक जीएसटी विवरणपत्राची फेरी, किंवा स्टुडिओ असेल तर एक लग्नसराई, ती तारीख लिहून बाजूला ठेवावी, म्हणजे विसरलेली एखादी फाइल, जुना फॉन्ट किंवा डिजिटल सहीची फाइल सापडते. त्यानंतर ती दुसऱ्या संगणकाला जोडून ‘क्विक’ ही खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावी; विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितो, त्यामुळे ग्राहकांचे पॅन आणि बँकेचे तपशील पुढच्या हातात जात नाहीत. चालू न होणाऱ्या डिस्कच्या चकत्यांना आरपार भोक पाडून घ्यावे आणि मग ती भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा केंद्राकडे सोपवावी. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि पावती मागितल्यास अशी केंद्रे ती देतात.